अमर्याद, पण कायदेशीर

रणवरे सरांना यंदा पंच्याहत्तर पूर्ण होताहेत. त्यांचे विद्यार्थी गौरवग्रंथ काढताहेत. परवा दोन तरुण वकील पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दुकानात आले. म्हणाले, "आक्का, सरांचं उभं आयुष्य तुमच्या बोटांखालून गेलंय. त्यांना तुमच्याएवढं कुणी वाचलेलं नाही. दोन-चार पानं द्या. जरा भावपूर्ण असू द्या." मी बरं म्हटलं. भावपूर्णच लिहिते आहे. भाव कुठला हवा ते काही त्यांनी सांगितलं नव्हतं.

हे छापणार नाहीत, ठाऊक आहे मला. न छापू देत. पेढे मी खाल्लेले नाहीत, पुडा तसाच आहे.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं जे काही शिकले ते लोकांचे कागद टाइप करता करता. सांगलीच्या कोर्टाच्या कंपाउंडाला लागून पत्र्याच्या खोलीत माझं मशीन होतं, आता तिथंच कॉम्प्युटर आहे. खरेदीखत, घटस्फोट, कैफियत, वारस-अर्ज, सगळं टाइप केलं. माणूस काय वाचून शिकतो ते सांगता येत नाही. मी रशियाच्या झाराचा कायदा शिकले. तो मला रणवरे सरांनी शिकवला. आणि शेवटी त्या कायद्याचा ओकारी येईल असा उपयोगही त्यांनीच दाखवला.

सर मूळचे फलटणकडचे. ऊसवाल्या घरातले, वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. सांगलीत लॉ कॉलेजला ते संध्याकाळचा वर्ग घ्यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा नाकाला रुमाल होता. हळदीची पोती चाललेली असली की सांगलीत हवाच पिवळी असते, आणि सरांना तिची शिंक. शिंका देत देतच म्हणाले, "मराठी टाइप करता? पाचशे पानं आहेत. रशियातली राजेशाही आणि तिचे कायदेपंडित."

मी म्हटलं, "सर, सांगलीत हे वाचणार कोण?"

म्हणाले, "तुम्ही. टाइप करायला वाचावं लागतंच की."

असे होते. हजरजबाबी, काटक, खांदे किंचित उडवत चालणारे. कागद हातात देऊन जायचे नाहीत, फेऱ्या मारत सांगायचे. स्वल्पविरामसुद्धा तोंडाने सांगायचे आणि पूर्णविराम आला की पायाने जमिनीवर ठोका. जाताना पुड्यातलं भडंग घ्यायचे, त्यातले शेंगदाणे आणि तळलेला लसूण नेमका वेचून खायचे आणि चुरमुरे माझ्यापुढं सारायचे. "घ्या आक्का, घ्या." तेव्हा मला त्यात भोळेपणा वाटायचा. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तराची सुरुवात "तत्त्वतः" अशी. "सर, चहा घेणार?" "तत्त्वतः नाही." म्हणजे घेणार.

त्या पाचशे पानांनी आमचं दीड वर्ष खाल्लं. दोन कार्बन घालून मी तीन प्रती काढायची. दुपारी कोर्ट सामसूम झालं की सर मला समजावून सांगायचे, मी विचारलं म्हणून नव्हे, त्यांना राहवायचं नाही म्हणून. मला समजलं तसं इथं सांगते.

रशियाचा राजा म्हणजे झार. तो मनाला येईल ते करायचा, त्यात नवल नाही, राजे करतातच. नवल असं की त्याच्या पदरी शिकलेली माणसं होती आणि त्यांचं काम होतं हे सगळं कायद्यात बसवून दाखवायचं. फार जुन्या एका झाराला आपला वारस आपणच निवडायचा होता. तर एका विद्वान धर्मगुरूनं लिहून दिलं, की बाप जसा नालायक मुलाला बाजूला सारू शकतो तसा राजाही. आणि प्रजेनं आपली इच्छा एकदा राजाच्या स्वाधीन केली की ती परत मागता येत नाही. पुढं कायद्याचं मोठं पुस्तक झालं. त्यात पहिल्याच कलमात राजा अमर्याद. नुसतं भिऊन नाही, मनापासून त्याचं ऐकायचं, देवाचीच तशी आज्ञा. आणि थोडं पुढं गेलं की दुसरं कलम, राज्य चालतं ते पक्क्या कायद्यानं.

मी बोटं थांबवून विचारलं होतं, "सर, दोन्ही एका वेळी कसं?"

सर खूश झाले. "हाच! हाच प्रश्न त्यांना पडायला हवा होता. ते काय म्हणायचे सांगू? लहरीनं वागतो तो जुलमी. आमचा झार लहरीनं वागत नाही, कायद्यानं वागतो."

"आणि कायदा कोण करतो?"

"झार."

मला हसू फुटलं. आमच्या शेजारच्या काकूंची सासू असंच म्हणायची, माझ्या घरात सुनेला पूर्ण मोकळीक आहे, फक्त किल्ल्या माझ्या कमरेला. सरांना हे इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं म्हणे. पुढं तिकडं लोकांनी उठाव केला, झाराला सभा द्यावी लागली, कायद्यातून 'अमर्याद' हा शब्द काढावा लागला. तरी काही पंडित लिहीतच होते, की मर्यादा त्यानं स्वतःच्या मर्जीनं घालून घेतलीय, म्हणजे ती त्याची कृपा. कृपा बांधून घालत नाही. सगळेच तसले नव्हते. काहींनी उलट लिहिलं, त्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्याविषयी सांगताना सरांचा आवाज खाली यायचा.

एकदा टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, "आक्का, झारानं चाबूक उचलला तर एक पाठ फुटते. पंडितानं त्या चाबकाला कलम जोडून दिलं की पिढ्यान् पिढ्या फुटतात. मला त्या झाराची घृणा नाही येत. या लोकांची येते."

मी खरं सांगते, त्या दिवशी मला हा माणूस देवासारखा वाटला. म्हणून तर आज इतकं मळमळतंय.

त्यांच्या संध्याकाळच्या वर्गात बनू मेटकरी होती. आटपाडीकडची, मेंढक्यांच्या घरातली. आठ महिने कळप घेऊन घरचे मुलूखभर फिरणार, मग पोरींनी शिकायचं कुठं राहून? म्हणून सांगलीत एका शिक्षण संस्थेनं अशा मुलींसाठी वसतिगृह बांधलं, त्याच्या पहिल्या मुलींतली ही बनू. बांधलं म्हणजे कसं, तेही सांगते. संस्थेच्या अध्यक्षांनी, त्यांना सगळे 'मालक' म्हणतात, माळरानावर जाऊन तळावर तळावर पदर पसरला. मेंढक्यांनी दर कळपामागं एक मेंढा दिला. देवाला सोडतात तसा, भंडारा लावून. ते मेंढे विकून आलेल्या पैशांवर पाया भरला. बनू शिकली, वकिलीची परीक्षा दिली, पण कोर्टात उभी राहिली नाही. त्याच वसतिगृहाची रेक्टर झाली. दंडाला धरून पोरींना शाळेत घालणारी बाई. सरांना ती लय मानायची. पोरींना दटावतानासुद्धा म्हणायची, "सर म्हणत्यात, कलम वाचा, माणसाच्या तोंडाकडं बघू नका."

सरांचं पुस्तक कुणी छापलं नाही. पुण्याचे प्रकाशक म्हणाले, विषय लांबचा आहे. मला वाटतं तिथून काहीतरी आत नासलं. की नासकं आधीपासून होतं आणि मला वास आला नव्हता, देव जाणे. चार-सहा वर्षांत मालकांनी त्यांना संस्थेचे कायदेविषयक सल्लागार केलं. मग शाल, मग गाडी न्यायला यायची, मग व्यासपीठावर मालकांच्या उजव्या हाताची खुर्ची.

पूर्वी सर कुणासाठी उठायचे नाहीत. एकदा जिल्हा न्यायाधीश दुकानात आले होते तर सर बसल्या जागेवरून म्हणाले, "या, बाकावर जागा आहे." सल्लागार झाल्यावर त्यांचं उठणं मी बघत गेले. मामलेदार आला की कमरेपर्यंत उठायचे, आमदार आला की पूर्ण. मालकांचा नुसता फोन आला तरी उभे राहायचे, फोनवर! दुकानात बाकी गिऱ्हाईक बघतंय, आणि हा म्हातारा होत चाललेला विद्वान एका हाताने धोतराचा सोगा सावरत भिंतीकडं बघून मान डोलावतोय. "तत्त्वतः होय, मालक. होय. होय." मला त्यांच्याकडं बघवायचं नाही, मी उगाच कागद सरळ करत बसायची.

एक दिवस तर असा गेला की मला जेवण गेलं नाही. सकाळी सर आले, साताऱ्याला संविधानावर व्याख्यान होतं. ते टाइप केलं. काय वाक्यं होती! सत्ता ही विश्वस्ताकडं दिलेली ठेव असते, आणि असंच बरंच. गाडी साताऱ्याला गेली, सर टाळ्या घेऊन तिसऱ्या प्रहरी परत आले आणि गळ्यातला हार काढायच्या आधी म्हणाले, "आक्का, आता एक नोटीस घ्या." वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईनं मालकांच्या सुनेला उलट उत्तर दिलं होतं, तिला काढायचं होतं. नियमात तर आधी चौकशी हवी. सर फेऱ्या मारत म्हणाले, "नियमाला अपवाद करण्याचा अधिकार नियम करणाऱ्याच्या अधिकारातच अंतर्भूत असतो, स्वल्पविराम." हाराचा झेंडू गळून माझ्या मशीनवर पडत होता.

मी म्हटलं, "सर, सकाळी तर..."

"सकाळचं व्याख्यान होतं, आक्का."

मग वसतिगृहाचंच प्रकरण निघालं. मालकांच्या मनात आलं, जागा मोक्याची आहे, तिथं सुनेच्या नावानं फार्मसी कॉलेज काढू. मुलींनी आपापल्या गावी जावं. गावी म्हणजे कुठं? ज्यांचं घर घोड्याच्या पाठीवर, त्यांनी जायचं कुठल्या गावी? शिवाय आपल्यामागं सून अध्यक्ष होईल, हेही त्याच ठरावात. संस्थेची घटना दोन्हीला आडवी येत होती. सभासदांची संमती हवी, निवडणूक हवी.

सर दुकानात आले. नाकाला रुमाल नव्हता, मोसम हळदीचा नव्हता. म्हणाले, "आक्का, आपलं रशियाचं बाड आहे का हो अजून?"

"तिसरी प्रत हाय माझ्याकडं. फिकी झालीय."

"तिसरं प्रकरण काढा. मी सांगतो तिथून कॉम्प्युटरवर घ्या. जिथं झार असेल तिथं संस्थापक अध्यक्ष टाइप करायचं. साम्राज्य असेल तिथं संस्था. प्रजा असेल तिथं सभासद."

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. तोंडाकडं बघितलं. नव्हती थट्टा.

"सर, अवो हे तर त्या पंडितांचं म्हणणं. तुमी खोडून काढायला मांडलेलं."

"नीट मांडलंय ना?"

"मांडलंय की."

"मग झालं."

"आन् शेवटचं प्रकरण? खोडलंय ते?"

"ते नको," सर म्हणाले, आणि पुड्यातले शेंगदाणे वेचू लागले.

मी टाइप केलं. हो, केलं. पोटाचा धंदा आहे म्हणून केलं असं म्हणणार नाही. 'मी काय, नुसती टाइप करणारी' असं मीही त्या दिवशी मनाशी म्हटलं, आणि ते म्हणताना मला जाणवलं की झाराच्या पदरी माझ्यासारखीही असणारच कुणीतरी, शाई वाळवणारी. पानामागून पान उतरत गेलं. संस्थेची घटना ही संस्थापक अध्यक्षांच्या इच्छेतून जन्माला आली, म्हणून ती त्या इच्छेला बांधू शकत नाही. संस्थापक अध्यक्षांनी स्वतःवर घातलेली मर्यादा हे त्यांचं औदार्य होय. सभासदांनी आपली इच्छा एकदा अर्पण केली की परत घेता येत नाही. बाप जसा घराचा वारस ठरवतो तसा संस्थापकही. सगळं चपखल बसत होतं हो, हीच तर शिसारी! एकही वाक्य वाकवावं लागलं नाही.

आपल्याकडच्या संस्थांच्या सभा कशा होतात, ज्यांनी बघितल्यात त्यांना सांगायला नको. पुढच्या दोन रांगांत खास आणून बसवलेली मंडळी असतात. विषयाचा नंबर उच्चारला, की मजकूर ऐकायच्या आधी त्यांचे हात वर, "मंजूर! मंजूर!" चहा उकळायच्या आत सभा संपते. त्या दिवशी मी कागद पोचवायला गेले होते म्हणून मागं उभी होते. विषय चौथा आला, "मंजूर" झाला आणि बनू उठली.

"थांबा. आधी वाचून दावा."

सचिव म्हणाले, "वाचलं असं समजण्यात येतं, बाई."

"मी न्हाई समजत. मी वाचते." आणि तिनं खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. मधेच थांबली. परत वाचलं. "सभासदांची संमती ही झाराच्या निर्णयास आवश्यक नसून केवळ शोभादायक आहे." सगळीकडं बघून म्हणाली, "आवं, ह्यो झार कोण? आपल्या संस्थेत हाय काय कोण झार आडनावाचा?"

पुढच्या रांगेतला एकजण जांभई देत म्हणाला, "असंल की. फार्मसीचा नवा प्रिन्सिपल असंल."

"मग त्यालाबी मंजूर?"

"मंजूर! मंजूर!"

हसण्याचा लोट उठला, पण ठराव झाला. लोक म्हणतात, आक्कानं तो शब्द मुद्दाम ठेवला. नाही हो. मुद्दाम ठेवायची अक्कल आणि हिंमत असती तर टाइपच केलं नसतं. समोर फिक्या कागदावर झार होता, बोटांनी झार मारला. एवढंच.

बनूनं मात्र सरांकडं बघितलं. ती त्यांच्या वर्गात हे सगळं शिकलेली होती. तिला कळलं होतं. सर खुर्चीत बसून चष्म्याची काच पुसत होते.

बनूनं धर्मादाय कार्यालयात हरकत घेतली. एवढ्या मोठ्या संस्थेच्या ठरावात परमुलखातला राजा कसा आला, असा प्रश्न निघणार, म्हणून मालक चिडले. सर मला म्हणाले, "टायपिंगची चूक म्हणून पत्र द्या." मी म्हटलं, देते. मग थांबून म्हणाले, "नको. चूक मान्य केली की ठराव परत सभेपुढं न्यावा लागेल. आपण अर्थ लावू." आणि फेऱ्या मारत त्यांनी खुलासा सांगितला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. ठरावातील 'झार' या शब्दाचा अर्थ संदर्भाने 'संस्थापक अध्यक्ष' असाच घेणे क्रमप्राप्त आहे, कारण दोघांच्या अधिकाराचे स्वरूप तत्त्वतः एकच आहे. पूर्णविराम. पायाचा ठोका. खाली सही.

"सर, हे लिहून देताय तुमी?"

"अर्थनिर्णय आहे, आक्का. कायद्याचं कामच ते."

सुनावणीला आटपाडीकडनं मेंढकी मंडळी आली. लाल पटके, घोंगड्या, पायात जाड वहाणा. व्हरांड्यात मावेनात. बनूचे चुलते, तात्या, त्यांना आत बोलावलं. सरांनी आधी मालकांची बाजू मांडली, की इमारत संस्थापकांच्या प्रेरणेतून झाली, देणाऱ्यांनी एकदा दिलं, त्यावर त्यांचा हक्क उरत नाही. बोलले सुंदरच. बोलणं काही गेलं नव्हतं.

तात्या ऐकून घेऊन म्हणाले, "सायेब, ह्यांचं खरं हाय. आमी मेंढा दिला, परत न्हाई मागत. माझा काळा मेंढा हाय त्या पायात. पन मेंढा दिला व्हता, पोरी न्हवत्या दिल्या. त्यांचं काय करायचं ते ह्यांनी कवापासनं ठरवायचं?"

सर म्हणाले, "हा भावनेचा मुद्दा झाला."

"व्हय," तात्या म्हणाले, "मेंढ्याला नसती, माणसाला असती."

धर्मादाय कार्यालयाच्या साहेबांनी सरांचा खुलासा पुढ्यात घेतला, दोनदा वाचला, चष्म्यावरून सरांकडं बघितलं. म्हणाले, "हे तुम्हीच लिहिलंय?" मग आदेश दिला, चौकशी होईपर्यंत सगळं जसंच्या तसं, एकाही मुलीला हलवायचं नाही. व्हरांड्यात घोंगड्यांची एकच हालचाल झाली. कुणी ओरडलं नाही. तंबाखूच्या चंच्या निघाल्या तेवढ्या.

बाहेर बनूनं सरांना गाठलं. पाया पडली, सवय होती. मग सरळ उभी राहून म्हणाली, "सर, तुमी आतमंदी बोलला ते तुमाला पटतंय?"

"पटण्याचा प्रश्न कुठं येतो, बनू? पक्षकार असतो."

"मग वर्गात आमी कोन व्हतो? पक्षकार?"

सर खाली बघून हातातले कागद चाळू लागले. मला वाटलं, लाजले. आता वाटतं, वाक्य शोधत होते.

ही झाली दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चौकशी अजून चालू आहे, मुली अजून तिथं आहेत. मालकांच्या घरात फूट पडली. सुनेला अध्यक्ष करणार म्हटल्यावर पुतण्या फिरला, त्याला ती खुर्ची हवी. आणि या उन्हाळ्यात एका सकाळी दुकानापुढं पुतण्याची गाडी उभी राहिली. तिच्यातून सर उतरले. वाळलेत फार, हात कापतो.

"आक्का, ते शेवटचं प्रकरण हवंय."

मला आधी समजलंच नाही. आणि मग मनात एकदम दिवाळी झाली, खोटं कशाला सांगू. वाटलं, आला माणूस घरी. "कशाला, सर?"

"पुतण्यानं मला सल्लागार नेमलंय. मालकांच्या अमर्याद अधिकाराविरुद्ध मत द्यायचंय. शेवटच्या प्रकरणात सगळं तयार आहे. जिथं झार असेल तिथं..."

"संस्थापक अध्यक्ष," मी म्हटलं.

"बरोबर."

"आन् पुतण्या आला की वसतिगृह ऱ्हाईल?"

"ते त्याच्या विचाराधीन आहे," सर म्हणाले.

मी म्हटलं, बाड माझ्याकडं नाही, बनूनं नेलंय, तिच्या वसतिगृहातल्या दोन मुली लॉ करताहेत, त्यांना वाचायला. सर म्हणाले, चला. मीही बसले गाडीत. बघायचं होतं मला.

वसतिगृहात पोरी जेवायला बसत होत्या. बनूनं सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणणं ऐकून घेतलं. मालक काय आणि पुतण्या काय, तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आतून बाड घेऊन आली. म्हणाली, "तुमचंच हाय सर, न्या. फकस्त एवढ्या पोरींना एकदा वाचून दावा. परत कवा ऐकायला मिळायचं?"

सरांनी चष्मा लावला. फिकी अक्षरं, कागद डोळ्यांजवळ धरला. वाचू लागले, आणि काय सांगू, हाताचा कंप गेला. तोच तीस वर्षांपूर्वीचा आवाज. राजाला आपल्या अन्यायाचं नाव ठाऊक नसतं, त्याला ते सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांनी त्याला न्याय हे नाव दिलं; म्हणून राजाआधी त्यांनी उत्तर द्यावं, कारण त्यांना ठाऊक होतं. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांचा परिच्छेद आला तेव्हा सरांनी कागद खाली घेतला. थांबले. पाणी प्यायले. पुन्हा वाचलं. चष्म्याखालून डोळे वाहत होते, खरेच वाहत होते, ते नाटक नव्हतं. पोरी घास हातात धरून ऐकत होत्या. संपलं तेव्हा त्यांनी उष्ट्या हातांनी मनगटावर मनगट आपटून टाळ्या वाजवल्या. सरांनी छातीवर हात ठेवून मान लववली.

बनू म्हणाली, "सर, आता हे पुतण्याला देनार?"

सरांनी कागद जुळवले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या, पिशवीत घातले. "आज मत द्यायचंय बनू. गाडी थांबलीय."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सर उठले. फाटकापर्यंत जाता जाता रुमालानं डोळे टिपत होते, गाडीत बसल्यावरही टिपत होते, आणि दुसऱ्या हाताने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

एक लहान मुलगी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "मॅडम, ह्ये आजोबा आपल्या बाजूनं हायत नव्हं?"

बनूनं तिच्या ताटात आमटी वाढली. म्हणाली, "जेव तू."